चार डॉलरचा कडू घास

“अहो! अहो दादा! त्यात पिठलं आहे!”

माझी आई ओरडते म्हणजे काय, हे साताऱ्याबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. तिनं पवई नाक्यावरून हाक मारली तर राजवाड्यापाशी रिक्षावाले ब्रेक दाबतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या पेंगुळलेल्या गावात तिचा आवाज घुमला तेव्हा ओकच्या झाडावर चढणाऱ्या खारी अर्ध्यातून परत फिरल्या, शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं, आणि हिरवळीवरून खुर्च्या, आरसे, दिवे उचलून नेणारी साठ-सत्तर माणसं जागच्या जागी थिजली.

ज्याच्यासाठी ती ओरडली तो तेवढा थांबला नाही. सत्तरीचा, ताडमाड, खांद्यावरून पट्टे घेतलेली डेनिमची तुमान घातलेला गोरा म्हातारा. त्याच्या हातात आमचा तीन पुडाचा स्टीलचा डबा होता. डब्यावर केशरी स्टिकर, स्टिकरवर चार डॉलर. किती गोड आजीबाई आहेत, अशा चेहऱ्यानं त्यानं आईकडे बघितलं आणि डबाच हलवून टाटा केला.

“बघतोस काय नुसता? थांबव की त्याला!” आई माझ्यावर फिरली.

मी थांबवणार कसा? माझ्या दोन्ही हातांत लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ होतं. तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलेलं, फक्त हे बाळ बारा किलोचं होतं आणि घाबरल्यासारखं मधूनच टोले देत होतं.

आता हे झालं कसं ते सांगतो. चूक कितपत माझी, ते तुम्ही ठरवा. माझ्या बायकोचं ठरवून झालेलं आहे.

मला जुन्या वस्तूंचा नाद आहे. आमच्या ऑफिसातला एक पुणेकर दर उन्हाळ्यात पॅरिसच्या जुन्या बाजारात जातो, तिथून एक फुटका दिवा आणतो आणि पुढचे अकरा महिने लंच टाइमला त्या दिव्याची कथा लावतो. आपली झेप तेवढी नाही. मी आमच्या मॉरिसव्हिलमधून शनिवारी सकाळी गाडी काढतो आणि तासाभरावरच्या, तंबाखूची जुनी गोदामं असलेल्या गावांमध्ये जातो. इथं एखादं म्हातारं माणूस गेलं आणि पोरं लांब असली, की घर रिकामं करायचं कंत्राट देतात. कंत्राटवाले येतात, पियानोपासून अर्ध्या संपलेल्या दोऱ्याच्या रिळापर्यंत घरातल्या यच्चयावत वस्तूंवर स्टिकर लावतात, आणि शनिवारी पुढचं दार सताड उघडतात. याला एस्टेट सेल म्हणतात. कुणीही आत जावं, कुठलंही कपाट उघडावं, आवडेल ते उचलावं, दाराशी पैसे देऊन चालू लागावं. माझी मुलगी म्हणते, “डॅड, दॅट्स सो क्रीपी.” तिला मी सांगतो की यालाच संस्कृती जपणं म्हणतात. अशी जपून जपून आमच्या घरात अकरा घड्याळं झाली आहेत. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. किती वाजले असं कुणी विचारलं तर आम्ही सरासरी काढतो.

त्या दिवशी बायको मुलीला पोहण्याच्या स्पर्धेला घेऊन गेली होती, आणि आईला एकटं सोडायचं नाही असा घरात वटहुकूम होता. त्याचं कारण असं, की आदल्या हिवाळ्यात आई साताऱ्याला बाथरूममध्ये पडली. बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं, फ्लॅटमध्ये ती एकटीच. दोन तास पडून होती. शेजारच्या काकूंनी कडी तोडून तिला बाहेर काढलं. मी विमानानं गेलो, तिला घेऊन आलो. येताना तिनं बॅगेत काय काय भरलं ते विचारू नका. सहा किलो भाजणी, पोळपाट, आणि बाबा तीस वर्षं ट्रेझरीच्या ऑफिसात नेत तो तीन पुडाचा डबा. झाकणावर टिंबटिंब करून कोरलेलं त्यांचं नाव आणि खाली ‘यांस सप्रेम भेट’. भेट कुणी दिली ते घासून घासून गेलंय.

तर साताऱ्याच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला गिऱ्हाईक लागलं होतं. ते महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होतं. सामान उचलणारा एक माणूसही मी फोनवर ठरवला होता. भांडी, कपाटं, गाद्या, सगळं एका टेम्पोत नेतो म्हणाला होता. अडलं होतं फक्त आईच्या एका ‘हो’वर. चार महिने मी विचारत होतो. ती म्हणायची, “बघू.” मी सकाळी विचारलं तर बघू, जेवताना विचारलं तर बघू. एकदा मी नुसताच तिच्या शेजारी जाऊन बसलो तरी म्हणाली, “बघू म्हटलं ना.” तिला परत तिथं एकटं ठेवता येत नव्हतं, मला नोकरी सोडून जाता येत नव्हतं, आणि तिच्या ‘हो’शिवाय त्या घराला हात लावायची माझी छाती नव्हती. मला वाटलं होतं, गाडीत तास जायला, तास यायला, निवांत विषय काढू.

पण ‘मेलेल्या बाईचं सामान विकत घ्यायला चल’ असं म्हटलं असतं तर ती गाडीत बसली असती का? म्हणून मी म्हणालो, “आई, एक बाई वारल्या. त्यांच्या घरी जाऊन येऊ.”

यात खोटं काय होतं? बाई वारल्याच होत्या.

“अगंबाई! कधी?”

“परवा.”

हे मात्र खोटं होतं. दोन महिने झाले होते. जीभ आहे, घसरते.

आई तडक स्वयंपाकघरात गेली. आता ऐका. माझ्या आईनं फोडणी दिली की आमचा स्मोक अलार्म वाजतोच वाजतो; कॉलनीतले लोक त्यावर घड्याळ लावतात. त्या दिवशी अर्धा तास ती स्वयंपाकघरात होती आणि अलार्म वाजला नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. मी बूट घालत होतो.

कळलं ते हायवेला लागल्यावर. तिच्या मांडीवर पंच्यात बांधलेला डबा होता आणि गाडीत कच्च्या बेसनाचा वास.

“हे काय आहे?”

“पिठलं-भात. बिनफोडणीचा. कडू घास द्यायला नको? त्यांच्याकडे चूल पेटली नसेल.”

ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, आणि शेजारपाजारचे डबे घेऊन जातात, ही आमच्याकडची रीत. मी ती विसरलो नव्हतो. बाबा गेले तेव्हा आमच्या ओट्यावर नऊ डबे आले होते. पण पासष्ट मैलांच्या वेगानं जाताना, मांडीवर डबा घेऊन बसलेल्या आईला कोणत्या तोंडानं सांगायचं की तिथं लोक दिव्यांच्या किमती विचारायला जमलेत? मी एक्झिट घेतली. चुकीची घेतली. परत फिरलो. तेवढ्यात सांगेन म्हटलं. नाही सांगितलं.

घरासमोर चाळीसेक गाड्या लागल्या होत्या. आई खाली उतरून बघतच राहिली.

“मोठ्या असणार रे बाई. माणसं किती जोडलीत बघ.”

“हं.”

“आणि भेटायला रांग?”

“इथं शिस्त असते, आई.”

तिला ते पटलं. ती पदर सावरून रांगेत उभी राहिली. आमचा नंबर सतरा. नंबराची चिठ्ठी देवळातल्या टोकनसारखी तिनं मुठीत धरली. तेवढ्यात आतून दोघं जण एक दिवा आणि छत्र्यांचा स्टँड घेऊन बाहेर आले.

“हे काय घेऊन चाललेत?”

“ते... आठवण म्हणून देतात इथं.”

“बरं आहे हो,” ती म्हणाली. मग चौघांनी मिळून एक सोफा बाहेर काढला. आईनं सोफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “केवढी ती आठवण!”

मी बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकलो. माझ्या बुटांना नाड्या नव्हत्या.

आत गेल्यावर तिनं डबा माझ्या हातात दिला. “घरच्या माणसाच्या हातात दे. तिथंच कुठंतरी ठेवून येऊ नकोस. आणि हे बघ, कडू घास परत आणत नसतात. घरच्या कुणीतरी एक घास तरी खाल्ला पाहिजे.”

मी ‘हो’ म्हणालो आणि मनापासून म्हणालो. पण पॅसेजमध्ये वळलो तर भिंतीवर ते घड्याळ! अक्रोडाचं लाकूड, हातानं रंगवलेली तबकडी, आणि आतला लंबक सकाळच्या उन्हात असा चमकत होता, की पॅरिसचा तो फुटका दिवा माझ्या डोळ्यांसमोर जागच्या जागी विझला. एक टकल्या माणूस पलीकडून त्याच्याकडे सरकत होता. माझ्या एका हातात डबा. शेजारी स्वयंपाकघराचा ओटा. मी डबा ओट्यावर ठेवला आणि झेप घेतली.

झालं. एवढंच.

घड्याळ छातीशी धरून मी पैसे द्यायच्या रांगेत उभा होतो, तेव्हा समोरच्या बेडरूममध्ये आई दिसली. ती ‘फॅमिली? फॅमिली?’ असं विचारत एकेका खोलीतून फिरत होती. आता ती एका उघड्या कपाटासमोर उभी होती. आत गाऊन घडी करून ठेवलेले, प्रत्येकाला एक-एक डॉलरचा स्टिकर. शेजारच्या आरशापुढे एक बाई मेलेल्या बाईंचा हिवाळी कोट घालून, वळून वळून पाठ कशी दिसते ते बघत होती. खाली परडीत कंगवे, किल्ल्या, पेनं, आणि एक चष्मा. परडीवर पाटी: काहीही घ्या, पन्नास सेंट.

आईनं चष्मा उचलला. काड्या मिटल्या. परत ठेवला.

सेल चालवणारी हिरव्या एप्रनवाली बाई तिच्याजवळ गेली. आईचं इंग्रजी मोडकं असलं तरी कान पक्के आहेत. एप्रनवाली म्हणाली, “घरचं कुणी नाहीये मॅम. मुलगा तिकडं लांब, पश्चिमेला असतो. त्यानं आम्हाला काम दिलंय. तो फोनवर आहे, काही लागलं तर.”

आईनं मान वर करून सगळीकडे पाहिलं. मला शोधत असावी. अशा वेळी शूर माणूस जे करतो ते मी केलं: घड्याळ चेहऱ्यापुढे धरलं.

पैसे देऊन बाहेर आलो तेव्हा ती अंगणात उभी होती आणि तिनं नुकताच तो डबा पाहिला होता. पुढची किंकाळी तुम्ही ऐकली आहे.

घड्याळ हिरवळीवर टेकवून मी आधी एप्रनवालीकडे धावलो.

“तो डबा आमचा आहे. चुकून विकला गेलाय.”

“कुठं होता?”

“ओट्यावर.”

“ओट्यावरचं सगळं विकायचं होतं. माझ्या मुलीला मी सांगितलं होतं, ज्याला स्टिकर नाही त्याला लाव. तिनं लावला.”

“पण त्यात आमचं जेवण आहे! गरम आहे!”

“मग तो तिथं ठेवला कुणी?”

दोन्ही बाजूंचे वकील मीच, आणि दोघांकडेही पुरावा नाही.

म्हातारा एव्हाना त्याच्या ट्रकपाशी पोचला होता. मागची फळी पाडून तो तिच्यावर बसला होता आणि डब्याची कडी सोडून झाकण उघडून वास घेत होता. मी धापा टाकत गेलो. आई माझ्या मागून आली, चप्पल हातात घेऊन, कारण गवत ओलं होतं.

“सर, हा डबा...” मी सुरुवात केली.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “मला कळूनच चुकलं. तुमची आई तिची मैत्रीण, हो ना? तिचं भांडं परत करायला आलात. भरून. आम्हीही तसंच करतो. कुणी गेलं की कॅसरोलभर जेवण नेऊन द्यायचं, आणि भांडं कधी रिकामं परत करायचं नाही.”

मी तोंड उघडलं. तो बोलतच राहिला. तो समोरच राहत होता, तीस वर्षं. तिचं गवत तोच कापायचा. बदल्यात ती दर रविवारी एक ‘पाय’, म्हणजे सारण भरलेला भाजका गोड पदार्थ, द्यायची. पीच असले तर पीचचा, नाहीतर रताळ्याचा. तिच्या स्वयंपाकघरातलं काहीतरी ठेवावं म्हणून सकाळी सातपासून रांगेत उभा होता. पण पायचं ताट त्याच्या आधीच्यानं नेलं, लाटणंही नेलं. हा डबा तेवढा राहिला होता. “तिच्याकडे असं कुठलं कुठलं असायचंच,” तो म्हणाला आणि झाकणावरच्या कोरलेल्या टिंबांवरून जाडजूड अंगठा फिरवला. “चर्चच्या लोकांबरोबर सगळीकडे फिरली होती. हे काय लिहिलंय, तुम्हाला वाचता येतं?”

माझ्या बाबांचं नाव लिहिलं होतं.

“काय म्हणतोय?” आईनं विचारलं.

सकाळपासून पहिल्यांदा मी तिला सगळं खरं सांगितलं. हा शेजारी आहे, हे गवत कापायचे, त्या पाय द्यायच्या, डबा त्यांचाच आहे असं याला वाटतंय. आणि त्यांना जाऊन दोन महिने झालेत. आणि मी घड्याळासाठी आलो होतो. शेवटची दोन वाक्यं मी इतक्या हळू म्हणालो की घड्याळालाही ऐकू गेली नसतील.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हाताऱ्याकडे बघत होती.

“मग हाच घरचा,” ती म्हणाली. “खा म्हणावं त्याला.”

“आई, डबा...”

“खा म्हणावं.”

मी सांगितलं. चमचा नव्हता. त्यानं झाकणात थोडा भात घेतला, त्यावर पिठलं, आणि बोटांनी खाल्लं, इतक्या सराईतपणे की जन्म कराडात गेला असावा. चावता चावता थांबला.

“ग्रिट्स!” तो म्हणाला. “आमचे ग्रिट्स असेच असतात, मक्याच्या कण्या शिजवलेले. फक्त मीठ कमी पडलंय.”

“मीठ बेतानंच घालतात,” आई मराठीत म्हणाली. त्यानं मान डोलावली. दुसरा घास घेतला. तिसऱ्या घासाला त्याचं तोंड जरा वाकडं झालं, आणि मला वाटलं मिरची लागली. बिनफोडणीच्या पिठल्यात मिरची नव्हती. तो डोळ्यांवर टोपी ओढून बसला. आई चप्पल हातात धरून त्याच्यासमोर उभी राहिली. मला दोघांच्या मध्ये कुठं उभं राहावं ते कळेना, म्हणून मी ट्रकचं टायर तपासलं.

शेवटी त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, “मग काय लिहिलंय ते? तिचं नाव आहे का?”

मी आईकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. चार डॉलर त्याच्या हातात ठेवायचे, हवे तर चाळीस ठेवायचे, आणि डबा घेऊन घरी. मी खिशात हातही घातला.

“हो म्हण,” आई म्हणाली.

“आई, बाबांचा डबा आहे तो.”

“मला सांगतोस? हो म्हण.”

मी ‘हो’ म्हणालो. तो खूश झाला. झाकणावरचं नाव त्यानं शर्टाच्या बाहीनं पुसलं, कडी लावली, आणि डबा पुढच्या सीटवर ठेवून, रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेपर्यंत एवढाच, ट्रक चालवत आपल्या घरी गेला. आई त्याचं दार बंद होईपर्यंत बघत होती. समोरच्याच घराला जायला एवढा अवाढव्य ट्रक! पण तेव्हा मला हसू आलं नाही.

परत येताना घड्याळ मागच्या सीटवर, बेल्ट लावून. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ते टोला द्यायचं. एका पुलावर तर सलग चौदा टोले पडले. चौदा वाजल्याचं जगात फक्त आमच्या गाडीला कळलं. एरवी आईनं यावर एखादा टोमणा मारला असता. ती खिडकीबाहेर बघत होती. पाइनची झाडं, मग एक शेत, मग परत पाइनची झाडं. रिकाम्या पंच्याच्या तिनं मांडीवर चार घड्या केल्या, उलगडल्या, परत चार घड्या केल्या.

एवढा वेळ बोलायचं नाही, ही शिक्षा माझ्या स्वभावाला झेपणारी नाही. मी एसी कमी केला. जास्त केला. घसा खाकरला. मग, दुसरं काहीच सुचेना म्हणून, चार महिने रोज विचारत होतो तेच विचारून बसलो. म्हणालो, “आई, साताऱ्याच्या त्या टेम्पोवाल्याचा निरोप आलाय. पुढच्या शनिवारी येऊ का म्हणतोय. नको असेल तर नाही सांगतो. मी काय सांगू त्याला?”

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मागं घड्याळानं एक टोला दिला.

“रविवारी ये म्हणावं,” ती म्हणाली. “शेजारपाजारच्यांना काही ठेवून घ्यायचं असेल. शनिवारी आपल्याकडे लोकांना ऑफिस असतं.”